दाराच्या लाकडाचं वल्हं

मी एक वल्हं आहे. पण जन्मानं दाराची बाही; म्हणजे चौकटीचं उजवं उभं लाकूड. त्यामुळे कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या पदराखाली काय झाकलंय, हे पाहिल्याशिवाय मला आजही चैन पडत नाही. अख्खं आयुष्य दारात उभं राहून काढलं, सवय जाईल कशी?

जानेफळच्या अंगाला आमचं गाव होतं. आता तिथं धरणाचं पाणी आहे. गाव उठलं तेव्हा लोकांनी घरं मोडून छपराचे कवेलू, तुळया, चौकटी नव्या गावठाणात नेल्या. घरधनी पुंजाजीनं मला उखडलं. डाव्या बाहीला हात घातला, तशी त्याची बायको गीताबाई आडवी आली.

"ते राहू द्या. सारंच नेलं तं घराले वाटन आपण मेलो. एक बाही उभी असली म्हणजे ते वाट पाहीन."

पुंजाजी हसला, पण त्यानं ऐकलं. डावी बाही, तिच्यावर फिरणारी दाराची फळी, कडी, सगळं तिथंच राहिलं. पाणी चढलं. घर वाट पाहत राहिलं.

मी नव्या घरच्या गोठ्यात पडून होतं. मग धरणावर सहलीचे लोक यायला लागले आणि त्यांच्यासाठी लांबोडक्या रंगीत होड्या आल्या, एकेका माणसाच्या. कयाक म्हणतात त्यांना. पुंजाजी तिथं राखणीला लागला. दोन्हीकडे पातं असलेलं वल्हं पाहिलं आणि त्याला मी आठवलं. त्यानं मला तासलं, घासलं, जवसाचं तेल पाजलं. माप घेतलं ते स्वतःच्या उंचीचं, मूठ बसवली ती स्वतःच्या पंजाची. माणूस ताडासारखा!

पहिल्यांदा पाण्यात शिरलं तेव्हाच मला समजलं, खालून कोणीतरी मला ओळखलंय. पुंजाजी होडीचं नाक पैलतीरावर धरायचा आणि होडी जायची जुन्या गावावर. "वारा आहे," तो म्हणायचा. काठावरचं पानही हलत नसायचं.

एका भर दुपारी तो पाण्यात गेला, तो परतला नाही. मी एकटंच काठाला लागलं. पुष्कळ शोधलं लोकांनी, पण पुंजाजी सापडला नाही. माझं सगळं अंग उन्हात वाळलं. त्याच्या मुठीची जागा तेवढी ओलीच राहिली. मला भिंतीला टेकवून ठेवलं तरी, पार उन्हाळाभर.

मग त्याच्या लेकीनं, रेणुकानं, बापाची जागा मागितली. अट एकच, एकटीनं पैलतीर गाठून परत यायचं. त्या दिवशी गोविंदानं काठावर वल्ही मांडली. होड्या शिकवणारा तो.

"रेणुकाताई, वल्हं उभं धरा, हात वर करा. बोटं पात्यावरून वाकली पाहिजेत."

तिनं मलाच धरलं. बोटं पात्याच्या टोकाला पोचली नाहीत.

"पाह्यलं? लांब आहे, जड आहे, मूठ जाडी आहे. खांदे भरून येतीन. हे निळं घ्या, तुमच्या मापाचं आहे."

"माह्या बाच्या हातचं आहे ते."

"बा तुमचा केवढा, तुम्ही केवढ्या! त्याच्या चपला घालून पळान काय?"

"घेऊ दे रे बावा," गीताबाई मागून म्हणाली. "बापाचं वल्हं आहे. तो राखन तिले."

 निळं वल्हं मात्र गोविंदानं रेणुकाच्या पाठीमागं होडीला अडकवून दिलं.

मला ओरडावंसं वाटलं, मला नेऊ नका म्हणून. लाकडाला कुठलं तोंड!

मधोमध गेल्यावर होडी वळली. "काऊन वळून राह्यली बे!" रेणुका दात खाऊन मला ओढत होती. पाणी आरशासारखं. मग खालून कडी वाजली. थांबली. पुन्हा वाजली, घरी आलेलं माणूस वाजवतं तशी.

रेणुकाचे हात थांबले. "बा?" म्हणत ती वाकली. होडी कलली.

मी खाली डोकावलं. आमचंच दार, तसंच सताड उघडं. आत पुंजाजी उभा. तो बोलावत नव्हता. दोन्ही हातांनी फळी लोटून दार लावायला पाहत होता, पण फळीला टेकायला समोर बाहीच नव्हती. कडी नुसती लटकून वाजत होती.

रेणुकाची बोटं माझ्याभोवती कधी नीट मिटलीच नव्हती. मी निसटलं.

सागवान बुडत नाही. मी बुडालं.

वरून तिची किंकाळी ऐकू आली. मग थोड्या वेळानं हलकं वल्हं पाण्यात पडल्याचा आवाज. छप. छप. तो आवाज पैलतीराकडं गेला आणि परतही आला.

आता मी माझ्या जागेवर उभं आहे. फळी मला टेकली आहे, कडी लागली आहे. डोक्यावरून होड्या जातात. रेणुकाची होडी मला तिच्या आखूड, एकसारख्या वल्हवण्यावरून ओळखू येते. ती इथं आली की हात जरा भरभर चालवते.

बाबांनो, पाण्यात उतराल तर आपल्या हाताच्या मापाचं वल्हं घ्या. आठवण जपायची तर घरात, भिंतीला लावून जपा. आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं, दोन बाह्या वर दिसल्या, तर लाकूड चांगलं आहे म्हणून उपटून नेऊ नका.

आतून अधूनमधून कोणीतरी दार चाचपून पाहतं, लागलंय ना म्हणून. एवढ्या पाण्याखाली आहे मी, पण माझी मूठ आता कोरडी आहे.