पेटीची गार बाजू

सुनिमबाईंनी रजईचं टोक उचललं आणि हातातली पाण्याच्या फवाऱ्याची बाटली तिथेच गळून पडली.

काचेच्या पेटीत साप भिंतींवर डोकं आपटत होता. तोंड उघडं, मान वर ताणलेली, मागचं अर्धं अंग उलटं झालेलं. आतल्या तापमापकाचा काटा अडतीसच्याही पुढे गेला होता.

"अगं बाई! हे काय होऊन बसलं!"

पाऊण तासापूर्वी पेटी इथे आणली होती ती त्यांनीच. तीही डोळे मिटून, कोपऱ्याला धरून ओढत ओढत, कारण सापाच्या नुसत्या नावानं त्यांची पाचावर धारण बसायची. बारा दिवसांपूर्वी त्यांची मुलगी हेरिम नवऱ्याचं घर सोडून माहेरी, चेचनला आली, ती एक बॅग आणि हा साप घेऊन. तेव्हा सुनिमबाई अंगणातच मटकन बसल्या होत्या. नवरा सोडला याचा धक्का मोठा की सापाचा, हे त्यांना अजून ठरवता आलं नव्हतं.

वर त्याचे लाड काय! हेरिमनं पहिला अख्खा दिवस त्या पेटीपाशी घालवला. एका टोकाला दिवा, त्याखाली तापणारी चटई, मध्ये ओल्या शेवाळाचा डबा आणि दिवसातून दोनदा पाण्याचा फवारा. दुसरं टोक मात्र तिनं मुद्दाम गार ठेवलं.

"तिकडे गारठेल की गं तो," सुनिमबाई उंबऱ्यापलीकडूनच म्हणाल्या होत्या.

"गारठला तर इकडे येईल, तापला तर तिकडे जाईल. त्याचं त्याला ठरवू दे ना, आई."

आज हेरिम नोकरीच्या मुलाखतीला वोंजू शहरात गेली होती. बाहेर उणे बारा. फवारा मारायचं काम सुनिमबाईंकडे होतं. त्यांनी धीर करून काचेला हात लावला तर दुसरं टोक गार लागलं, आणि त्यांचा जीव कळवळला. साप झाला म्हणून काय, घरात आलेला पाहुणाच ना तो! पाहुण्याची जागा या घरात ठरलेली होती, आतल्या खोलीत चुलीकडचा कोपरा. बाहेरच्या चुलीची धग जमिनीखालून सगळ्यात आधी तिथे पोचायची. सासरे तिथे बसायचे, बाळंतपणात सुनिमबाई तिथेच निजल्या, उशिरा येणाऱ्याच्या भाताचा वाडगा तिथेच रजईत गुंडाळून ठेवलेला असायचा. त्यांनी दिव्याची वायर उपसली, पेटी तिथे नेली, वरून रजई घातली आणि चुलीत आणखी दोन ओंडके सारले.

नाहीतरी आज सगळ्यांचीच सोय लावायचा त्यांचा दिवस होता. सकाळी हेरिमची बस सुटताच त्यांनी जावयाला, गिचोलला, फोन केला होता. "संध्याकाळी या आणि घेऊन जा तिला. समजवायचं माझ्याकडे लागलं." हेरिमला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

आता मात्र त्यांनी रजई दूर फेकली. कसाबसा फोन लावला.

"हेरिम, तुझा तो... तोंड वासलंय त्यानं! मी त्याला चुलीकडे ठेवला गं, रजई घालून."



"आई, आधी बाहेर काढ त्याला. आत्ताच्या आत्ता."

"पेटी उचलत नाही मला."

"पेटी नाही. साप. हातानं."

"मी? हातानं?"

"तो मरेल, आई!"

सुनिमबाईंनी फोन स्पीकरवर टाकून खिशात घातला आणि झाकण सरकवलं. "देवा, देवा, देवा" म्हणत दोन्ही हात आत घातले आणि मधोमध धरून त्याला उचललं. अंग बुळबुळीत असेल असं त्यांना जन्मभर वाटत आलं होतं. ते कोरडं होतं, आणि नुकत्याच उकडलेल्या रताळ्यासारखं गरम. त्या तशाच बाहेरच्या, काचा लावून बंद केलेल्या लाकडी पडवीत धावल्या. हेरिम फोनवरून सांगत गेली तसं त्यांनी कोमट पाण्याचं घमेलं भरलं, त्यात त्याला सोडलं आणि त्याचं डोकं तळहातावर धरून बसल्या. त्या रडत होत्या हे त्यांना नाक गळायला लागल्यावर कळलं.

किती वेळ गेला कोण जाणे. सापानं तोंड मिटलं. मग हळूहळू त्यांच्या मनगटाला एक वेढा घातला.

"जिवंत आहे का?" हेरिमनं विचारलं.

"आहे. जीभ दाखवतोय मला, मेला."

हेरिम हसली, आणि हसता हसता तिचा आवाज फुटला. सुनिमबाईंनी बाहीला डोळे पुसले.

"मला वाटलं, जेवढी ऊब तेवढं बरं. वाईट नव्हतं गं माझ्या मनात."

"माहीत आहे, आई. पण त्याला तिथून हलायला जागाच नव्हती."

फोन बंद झाला. सुनिमबाईंनी सापाकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. काचेवर घासून घासून त्याचं नाक सोललं होतं.

पहिल्या रात्री हेरिम नवऱ्याबद्दल म्हणाली होती, "तो दाराला आतून कुलूप लावून किल्ली उशाखाली घेऊन झोपतो, आई." आणि आपण काय म्हणालो? काळजी असते गं त्याला. फुलासारखं जपतो तुला. आणखी काय हवं बाईच्या जातीला? हेरिम उठून पेटीत फवारा मारत बसली होती.

घड्याळात तीन वाजले होते. डाव्या मनगटावर साप तसाच ठेवून त्यांनी उजव्या हातानं नंबर लावला.

"आई, निघालोच आहे," गिचोलचा आवाज नेहमीसारखाच गोड होता. "तिला जाडजूड कोट घेतलाय. थंडी किती आहे!"

"येऊ नका."

"म्हणजे?"

पडवीसमोरच्या अंगणात लख्ख ऊन पडलं होतं. दोरीवरचे कपडे गोठून कडक झाले होते.

"बर्फ पडतोय इकडे. रस्ता बंद झालाय."

"अहो, फोनवर तर आकाश स्वच्छ दाखवतंय."

"फोनला काय कळतंय? मी डोळ्यांनी बघतेय."

"बरं. मग कधी थांबेल?"

सापाचा वेढा किंचित घट्ट झाला. सुनिमबाईंनी हात हलवला नाही.

"ते तुम्हाला हेरिम कळवेल," त्या म्हणाल्या.