दोनच तरंगांची रेघ

मित्रांनो, मी एक जुनी रेघ आहे. उदगीरच्या एका कॉलेजात, खोली नंबर नऊच्या फळ्यावर, डाव्या कोपऱ्यात राहते.

माझा जन्म पुसण्यातून झाला. लुंबिनी मॅडमनी मला वीतभर ओढलं, माझे तीन सारखे भाग केले आणि मधला बोटानं पुसला. मग उरलेल्या तुकड्यांचे मधले भाग पुसले. मग त्यांच्याही तुकड्यांचे. गणितात हे कधीच थांबत नाही. फळ्यावर खडू जाड, म्हणून पाचव्या वेळी थांबलं. माझ्याखाली त्यांनी दुसरी रेघ काढली. तिचे चार भाग करून दर वेळी दुसरा आणि चौथा पुसत गेल्या. ती माझी शेजारीण.

मॅडम कंधारच्या, इथं शिकवता शिकवता पीएचडी करत होत्या. त्यांना आम्हा दोघींसाठी तरंग शोधायचे होते. अट एकच: कुठल्याही दोन तरंगांनी एकमेकांत लुडबूड करायची नाही. याला गणितात 'लंब' म्हणतात. असे पुरेसे तरंग जमले, की रेघेवरची कुठलीही गोष्ट त्यांच्या मिश्रणातून सांगता येते. प्रत्येक तरंगाला त्याच्या वारंवारतेचा आकडा असतो. शेजारणीला ते भराभर मिळाले: शून्य, एक, चार, पाच, सोळा, सतरा... तिचं कुटुंब फळ्याबाहेर गेलं. मला दोनच मिळाले. त्यातला एक शून्याचा, म्हणजे जागचा न हलणारा.

मार्गदर्शक उद्धव सरांना काळजी नव्हती. "अगं, चारला जमतंय तर तीनला का नाही जमणार? तीन तर लहान आकडा!" या भरवशावर प्रबंधाचा विषय नोंदवला गेला आणि मॅडमची दोन वर्षं माझ्यासमोर गेली.

एका दुपारी शिपाई लिंबाजीमामा पाण्याचा तांब्या घेऊन आले.

"म्याडम, अजून हिच्यासाठीच स्थळं बघून राहिल्या का?"

"हो मामा. तिसरा मिळाला नाही तर माझा प्रबंध गेला."

"खालचीला एवढं लेंढार अन् हिला दोनच? हिचं काय चुकलं म्हणावं?"

"हिचं काही नाही हो. हिला तीन भागांत तोडलं तेच..." मॅडमचा खडू थांबला. "मामा, हिच्या कुठल्याही दोन तरंगांच्या आकड्यांमधलं अंतर चतुर्थांशांत मोजलं, तर ते विषमच यावं लागतं. पहिल्यापासून दुसरा विषम. दुसऱ्यापासून तिसरा विषम. मग पहिल्यापासून तिसरा?"

"विषमात विषम घातलं की सम. त्यात काय इचारायचं?" मामा दहावी नापास होते, पण इंग्रजीत.

"आणि पाहिजे विषम," असं म्हणून मॅडम खुर्चीत बसल्या. पाणी तसंच राहिलं.

सर म्हणाले, "शीर्षकात 'शोध' खोडून 'अभाव' लिहू." पण माझ्या तिसऱ्या तरंगाचा अभाव परदेशात कुणीतरी पंचवीसेक वर्षांपूर्वीच सिद्ध केल्याचं निघालं. ते ज्या नियतकालिकात छापलं होतं, ते आमच्या ग्रंथालयात येत नसे.

मॅडम नवा विषय घेऊन नांदेडला गेल्या. जाताना माझ्या डोक्यावर ठळक लिहिलं: पुसू नये. माझ्या आयुष्यात ही सूचना जरा उशिराच आली.

मग तपासणी समिती यायची ठरली. मामांनी फळा चकचकीत केला, अगदी सूचनेप्रमाणे. सूचना माझ्यावर होती, शेजारणीवर नव्हती. तिचं न संपणारं कुटुंब ओल्या फडक्याच्या एका हातात संपलं.

आता फळ्यावर पांढरा पडदा टांगलाय. पोरं शिकवणीसाठी लातूरला जातात. पडद्यासमोर चौघं बसतात. शनिवारी मामा पडदा वर करतात आणि माझ्या कडेकडेनं फडकं फिरवतात.

"दोन तर दोन," ते म्हणतात. "हालत न्हाई त्यो लई बरा. घरी तर ऱ्हातो."

मे महिन्यात मामा रिटायर होतायत. म्हणून मित्रांनो, एवढंच सांगते. फळा पुसायच्या आधी त्यावर काय लिहिलंय ते वाचत जा. आणि कुणाला दोनच मिळालेले दिसले, तर तिसऱ्यासाठी त्याच्या मागे लागू नका. त्याला किती भागांत तोडलं होतं, ते आधी विचारा.