चिकटवलेली दाढी

एद्गार्दो वाइमर आणि मी बासाविल्बासो या गावात एकाच गल्लीत वाढलो. तो क्लॅरिनेट वाजवतो, मी अकॉर्डियन. माझी आई ज्यू, बाप बेनीतेस, गुरं हाकणारा गाऊचो. रंगानं मी बापावर गेलो. आईचे वडील शब्बाथच्या जेवणानंतर एक धून गुणगुणत. ती मी आमच्याकडच्या चमामे नाचाच्या ठेक्यात बसवली. एद्गार्दो जर्मन कॅथलिकांचा पोरगा, पण ती धून अशी वाजवायचा की आजोबा चष्मा काढून डोळे पुसत.

मग राजधानीतल्या एका महोत्सवाचं बोलावणं आलं. रंगमंचामागं आयोजक ओरासियो कपडे घेऊन उभा. मला गाऊचोची ढगळ विजार आणि कमरेला सुरा. गोऱ्या एद्गार्दोला सनातनी ज्यूची काळी टोपी, कानांवर लोंबत्या बटा आणि लाल दाढी. ज्यू मी आहे, असं मी सांगितलं. ओरासियोनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"असशील बाबा. पण दिसत नाहीस ना."

दाढीला शिळ्या डिंकाचा आणि कुणाच्या तरी घामाचा वास येत होता. एद्गार्दो ती फेकून देईल असं मला वाटलं. त्यानं आरसा मागितला.

सुरुवातीला तो नीट वाजवत होता. कुणीतरी हसलं आणि तो चेकाळला. पोक काढून चालू लागला, हात चोळू लागला, मध्येच कंजूष सावकारासारखा खिसा चाचपायचा. लोक खिदळत होते. पुढच्या रांगेत आमच्या ज्यू समाजाची बडी मंडळी होती, तीही. मग त्यानं आजोबांची धून घेतली आणि वरचा सूर बकरीसारखा बें-बें करत काढला.

मी अकॉर्डियनचा भाता मिटला आणि खाली उतरलो. लोकांना तोही खेळच वाटला, टाळ्या पडल्या.

नंतर तो एम्पानाडा, म्हणजे खिम्याची करंजी, खात आला. दाढीत चरबी आणि खिम्याचे कण अडकले होते.

"गंमत होती लेका. आजोबासुद्धा हसले असते."

"त्या तोंडानं त्यांचं नाव घेऊ नकोस."

मोरीत जाऊन मी ओकलो आणि एकटाच बसनं घरी आलो. तो तिथंच राहिला. त्याला दुसरा अकॉर्डियनवाला मिळाला. आता दाढीसकट त्याची पोस्टरं लागतात.

परवा त्याची आई गेली. तिनं मला लहानपणी खाऊपिऊ घातलेलं, म्हणून दफनाला गेलो. त्यानं हात पुढं केला, मीही दिला. आम्हा ज्यूंच्यात कबरस्तानातून निघताना हात धुतात. मी दोनदा धुतले.