कोबी नव्हे, विजार

लुआनबाई त्या दिवशी मोठ्या तोऱ्यात घराबाहेर पडली. काखेत गाठोडं, गाठोड्यात कापूस भरलेली नवी विजार आणि जिभेवर एकच शब्द तयार: कोबी!

तो शब्द शेजारच्या गाओकाकूनं दिला होता. ती पहाटेच बाजारात लसूण ठेवून उरलेल्या गड्ड्या न्यायला घरी आली होती. मोठ्या माणसांना लिहा-वाचायला शिकवणारी हिवाळी शाळा सुरू झाल्यापासून वेशीवर अक्षरांचा पहारा बसला होता. पाटीवर रोज एखादा शब्द चित्रासारख्या अक्षरांत लिहिलेला असे आणि तो वाचल्याशिवाय बाजाराची वाट मोकळी होत नसे. येत नसेल तर तिथंच उभं राहून शिका, नाहीतर घरी परता. मग बाया काय, बायाच त्या! जी सकाळी आधी जाऊन येई ती बाकीच्यांना उत्तर पुरवी. अर्धं गाव अशा रीतीनं साक्षर झालं होतं.

एरवी लुआनबाई या भानगडीत न पडता घरीच बसली असती. पण आज बाजारपेठेच्या गावात बायकांचं शिवणमंडळ उभं राहत होतं. दुपारच्या आत नमुना घेऊन येतील त्यांच्यातल्या पाच जणी घेणार होते. चाळीस वर्षं तिनं गावाचे पाय थंडीपासून वाचवले, पण त्याला काम कुणी म्हटलं नाही. बाई बसल्या बसल्या टाके घालते, एवढंच. छप्पन्नाव्या वर्षी का होईना, आपली कुठंतरी गणती व्हावी असं तिला मनापासून वाटत होतं.

आणि वेशीवर आज पाटी घेऊन कोण उभी? तिचीच सून, त्साइश्या! महिन्यापूर्वी वर्ग सुरू झाला तेव्हा लुआनबाईनं दाराला कडी घातली होती. "शिकून काय राज्य चालवायचंय?" म्हणाली होती. सून भिंतीवरून उडी मारून गेली ती गेलीच.

"वाचा, आई," त्साइश्या म्हणाली.

लुआनबाईनं पाटीकडे पाहिलंही नाही. "कोबी!"

मागं उभ्या असलेल्या गाडीवाल्यांत खसखस पिकली. एक जण म्हणाला, "मावशी, असला कोबी शिजायला फार वेळ घेईल हो!"

"ही विजार आहे," त्साइश्या शांतपणे म्हणाली.

लुआनबाईच्या कानशिलांना आग लागली. जन्मभर विजारी शिवल्या आणि विजारच ओळखता येऊ नये? "सूड उगवतेस होय गं? सासूची अब्रू चव्हाट्यावर? बाजूला हो, मला उशीर होतोय!"

"उशीर होतोय म्हणूनच लवकर शिका. हे बघा, डावीकडे आहे ते कापड. उजवीकडे वर छप्पर आणि छपराखाली गाडी. गाडीखाना म्हणा."

"विजारीत गाडी कशाला घुसली?"

"उच्चारासाठी, असं गुरुजी म्हणतात. गाडीखाना आणि विजार, दोन्हींचा आवाज सारखाच. फार जुन्या काळी हे अक्षर वेगळं लिहायचे. आणि विजार म्हणजे नुसत्या दोन नळ्या, एकेका पायाला एकेक. मध्ये काहीच नाही. घोड्यावर बसायची वेळ आली तेव्हा कुठं मधला भाग जोडला."

"मध्ये काहीच नाही? आणि थंडीत?" लुआनबाई रागावलेलं विसरली. "अरे देवा! एकाच्याही घरात शिवणारी बाई नव्हती का?"

गाडीवाले पोट धरून हसले. तिला मात्र ती गाडी पटली होती. पाय म्हणजे गाडीच की, उन्हापावसात उघडी ठेवून कसं चालेल? तिनं काटकी उचलली आणि मातीत गिरवायला सुरुवात केली. पहिल्यांदा छप्पर पडलं. दुसऱ्यांदा गाडी छपराबाहेर आली. त्साइश्यानं हात धरून वळवला. सातव्या वेळेस ते अक्षर उभं राहिलं तेव्हा ऊन बरंच वर आलं होतं.

बाजाराच्या तोंडाशी गाओकाकू लसूण विकत बसली होती. लुआनबाई तिच्यावर तुटून पडली. "तुझ्या कोबीला आग लागो!"

"अगं, शपथ घेते! सकाळी कोबीच होता पाटीवर!"

"खोटारडी!" म्हणून लुआनबाई तरातरा पुढं गेली.

शिवणमंडळाच्या दारात टेबलाशी एक बाई बसली होती. तिनं चिठ्ठी आणि शाईचा ब्रश पुढं केला. "गाठोड्यात काय आहे ते लिहा. बिनचिठ्ठीची गाठोडी आज बघणार नाही. वर्गावर्गांतून कालच कळवलं होतं."

लुआनबाईनं ब्रश हातात घेतला आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हणजे गाओकाकू खोटं बोलली नव्हती. आपल्याला लांबून येताना बघून पोरीनं कोबी पुसून विजार लिहिली होती. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मग तिनं श्वास धरून लिहिलं. गाडी जरा फुगली, पण छपराखाली राहिली.

टेबलाशी बसलेल्या बाईनं विजार उलटसुलट करून पाहिली, शिवण ओढून पाहिली आणि मान डोलावली. "पाचवी जागा तुमची. लिहायला कुणी शिकवलं?"

"सुनेनं."

"नाव काय तिचं?"

"त्साइश्या," लुआनबाई म्हणाली आणि स्वतःच चपापली. लग्नाला तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत तिनं सुनेला "ए" आणि "अगं" याखेरीज कधी हाक मारली नव्हती.

परतताना पहारा अजून उठला नव्हता. त्साइश्या दोन पावलं पुढं आली.

"घेतलं मला," लुआनबाई म्हणाली. "घरी का नाही सांगितलंस गं?"

"तुम्ही ऐकलं असतंत?"

लुआनबाईला खोटं बोलवेना. "नसतं ऐकलं."

मग सासूनं बाहीनंच नाक पुसलं आणि पाटीकडे बोट केलं.

"उद्या यावर तुझं नाव लिही. बाजाराला जाणाऱ्या एकूण एक माणसाला वाचावं लागू दे."

"अहो आई, माझं नाव कुणाला येणार?"

"मला येईल," लुआनबाई म्हणाली. "आत्ताच शिकव. त्साइश्या, दे तो खडू इकडे."