तिसऱ्या बरणीतला साप

प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला तायडे सरांनी माझ्यासमोर तिसरी बरणी सरकवली. लेबलवर लिहिलं होतं, 'समुद्री साप, विषारी' आणि खाली सरांचंच नाव. हा साप आपण स्वतः पुरीहून आणला, असं ते आमच्या रायपूरच्या कॉलेजात वर्षानुवर्षं सांगून राहिले.

बाजूला बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम बसल्या होत्या. त्यांना मराठी येत नव्हतं.

मी हिंदीत सांगितलं की हा समुद्री साप नाही. समुद्री साप नागाच्या कुळातला, पण पोहण्यासाठी त्याची शेपटी वल्ह्यासारखी चपटी असते. याची तर गोल आणि निमुळती आहे. ही साधी पाणदिवड, बिनविषारी. आमच्या बूढ़ा तालाबात अशा ढिगानं सापडतात.

सरांचा चेहरा उतरला. मग मॅडमला कळू नये म्हणून ते मराठीत सुरू झाले.

"लय अक्कल आली का तुले? तुझा बाप रेल्वेत कारकून, अन् तू मले शिकवून राहिली? लेबल वाच अन् तेच सांग, नाही तर नापास करतो."

बाबांचं नाव काढलं तसं माझं डोकं सटकलं. 

"काहून, बोल ना आता. समुद्र तरी पाहिला का कधी तू?"

मी मॅडमकडे वळले आणि हिंदीतच उत्तर दिलं.

"सर पूछ रहे हैं, समुंदर देखा है क्या. नहीं देखा, मैडम. इस साँप ने भी नहीं देखा."