हॅम्बुर्ग माहीत असलेला माणूस

नाताळात हॅम्बुर्गला जायचं असं मी ठरवलं, आणि त्या दिवसापासून माझा नवरा माझ्याशी चोरासारखा वागायला लागला.

लग्नाला सोळा वर्षं झाली आमच्या. एवढ्या वर्षांत आम्ही दोघंच असे कुठेही गेलेलो नाही. लग्नानंतर गणपतीपुळ्याला गेलो ते सासूबाई, दोन आत्या आणि घावन्यांचा डबा घेऊन. हे, म्हणजे दीपक, कंटेनरच्या बोटीवर इंजिनरूममध्ये मोटरमन आहेत, म्हणजे इंजिनाची देखभाल करतात. सात-आठ महिने बोटीवर, मग काही महिने घरी, आणि घरचे महिने नेमके पावसाळ्यात नाहीतर कुणाच्या तरी लग्नकार्यात जायचे. यंदा पहिल्यांदाच अख्खा डिसेंबर घरी मिळणार होता. आमची मुलगी शमिका आजीजवळ राहायला एका पायावर तयार. मी शहरात ज्या दवाखान्यात केसपेपर काढते तिथल्या डॉक्टरांनी रजेला खळखळ केली, तेव्हा मी पेशंटसमोरच सांगितलं, रजा नाहीतर राजीनामा घ्या. रजा मिळाली.

आता हॅम्बुर्गच का, तर ते आमच्या घराला तोंडपाठ होतं. आमचं घर समुद्राकाठी, भाट्याला. ह्यांचा फोन आला की तो स्पीकरवर टाकायचा, हा सासूबाईंचा नियम. त्यांना कमी ऐकू येतं हे खरं. पण शेजारच्या काशीरामकाकांना चांगलं ऐकू येतं, तरी तेही खुर्ची ओढून बसतात. "कुठं हायस बाबू?" असं सासूबाईंनी विचारायचं, पलीकडून "हॅम्बुर्गला" असं उत्तर यायचं, की सगळी ओटी कान टवकारायची. मग सुरू. बोट लागली की समोरच नाताळचा बाजार. लाकडाची छोटी छोटी दुकानं, दिव्यांच्या माळा, भाजलेले बदाम, मसाला घालून गरम केलेली वाइन. सासूबाईंसाठी त्या वाइनचं सरबत व्हायचं. मी मागे दाराला टेकून उभी असायची. बोटीवरचं नेट मोजून मिळतं, त्यामुळे माझी पाळी येईपर्यंत ते संपलेलं असायचं. नवरा माझा, फोन माझा आणि बोलणं अख्ख्या वाडीचं.

चिडायचे मी. भांडण झालं की माझं पहिलं वाक्य ठरलेलं होतं: तुमचं बरं आहे, तुम्ही हॅम्बुर्ग बघता, मी इथे गॅसचा नंबर लावत बसते. त्यावर हे कधी काही बोलायचे नाहीत. मला वाटायचं, बोलायला तोंड नाही म्हणून गप्प बसतात.

तर यंदा मी म्हटलं, जे मागे उभं राहून ऐकलं ते आता शेजारी उभं राहून बघायचं. आणि हे काय म्हणाले? "बघू."

'बघू' या शब्दाने माझं डोकं फिरतं. मी हॉटेलं काढली, ह्यांना दाखवली. म्हणाले, थंडी फार असते. म्हटलं, त्यासाठीच हिवाळ्यात जातोय. म्हणाले, त्यापेक्षा पॅरिस बरं. दुसऱ्या दिवशी केरळ बरं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, महाबळेश्वर काय वाईट आहे? मी हातातलं लाटणं ओट्यावर असं आपटलं की शमिका अभ्यास सोडून बघायला आली. व्हिसासाठी मुंबईला जायची तारीख घ्यायची होती, तर ह्यांना कधी पासपोर्ट सापडेना, कधी फोटो. एक क्षण माझ्या मनात नको तेही येऊन गेलं. बंदरोबंदरी फिरणारा माणूस. तिथे कुणी असेल आणि मी समोर यायला नको असेन. असं वाटलं त्या दिवशी मी ह्यांना जेवायला वाढलं नाही. भांडी पुढे सरकवली आणि टीव्ही लावला.

त्यात संदेशभावजींचा फोन आला. हे माझे धाकटे दीर, लांज्याला काजूचा कारखाना आहे त्यांचा. फोन अर्थातच स्पीकरवर. "आई, मी नि दिशापण चाललो दादाबरोबर. टूरवाल्याला कशाला पैसे द्यायचे? दादाला गल्लीन् गल्ली माहीत आहे. तो पुढे, आम्ही मागे." सासूबाईंचा चेहरा नुसता फुलला. "चांगला हाय की! सगळी एकत्रच जावा." मी ह्यांच्याकडे बघितलं. सोळा वर्षांनी मिळालेले आठ दिवस. आता तरी हा माणूस नाही म्हणेल.

"बघू," हे म्हणाले.

त्या संध्याकाळी मी ह्यांना सरळ सुरूबनात नेलं. घरात बोलायची सोयच नाही, भिंतीला कान नसले तरी काशीरामकाकांना आहेत. समुद्राला ओहोटी लागली होती. वाळूवर बसल्या बसल्या मी फोनवर नकाशा उघडून ह्यांच्या नाकासमोर धरला.

"ही नदी. तुमची कंटेनरची बोट लागते ती नदीच्या या बाजूला. आणि बाजार भरतो तो पलीकडे, शहरात. मधे नदी, गोद्या, रेल्वेचे रूळ. बोट लागली की समोरच बाजार, असं तुम्ही सांगत होतात. कुठे आहे समोर? मला दाखवा."

हे नकाशाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी गेलोच नाही कधी."

"कुठे?"

"शहरात. दिवे दिसतात पलीकडे. रात्री आकाश तांबूस दिसतं तिथलं. तेवढंच."

मला आधी कळेचना. मग मी विचारत गेले आणि हे सांगत गेले, मान खाली घालून, वाळूत बोटं खुपसून. बोट तिथे पुरता एक दिवसही थांबत नाही. कंटेनर उतरायचे, चढायचे, की निघाली. आणि इंजिन चालू असताना जी कामं करता येत नाहीत ती सगळी त्या तेवढ्या वेळात उरकायची. त्यामुळे डेकवरचा एखादा सुटतो, इंजिनवाला सुटत नाही. काम संपेपर्यंत बोट सुटायची वेळ, नाहीतर उभ्या उभ्या झोप.

"एकदाही उतरला नाहीत?"

"एकदा उतरलो. बंदरातच खलाशांचा क्लब आहे, त्यांची गाडी न्यायला येते. तिथे वायफाय फुकट असतं."

"मग काय केलंत?"

"तुम्हाला फोन केला," हे म्हणाले. "बाजाराचं सांगितलं."

"आणि तो बाजार आला कुठून?"

"सेकंड कुक एकदा जाऊन आला होता. त्याने व्हिडिओ दाखवला."

"चॉकलेटं?"

"बोटीवरच विकत मिळतात. कॅप्टनकडे स्टोअर असतं."

ती चॉकलेटं मी दवाखान्यात वाटली होती. हॅम्बुर्गच्या बाजारातली म्हणून, मिरवून मिरवून. मला इतका राग आला की कानात सूं सूं व्हायला लागलं. कुणी बाई असती तर निदान भांडायला समोर कुणीतरी असतं. इथे काहीच नव्हतं. एवढी वर्षं मी ज्याच्यावर जळत होते ते नव्हतंच.

"मला का नाही सांगितलंत? मला?"

"कधी सांगू? तू स्पीकरवर होतीस," हे म्हणाले. आणि मग इतके दिवस 'बघू'च्या पुढे न गेलेला माणूस एकदम बोलायला लागला. "पहिल्या वर्षी, तू दवाखान्यात असताना, खरंच सांगितलं होतं. आईने विचारलं, काय काय बघितलंस? म्हटलं, काय नाही. तर ती म्हणाली, मग येवढ्या लांब मरायला कशाला गेलास, इथं काकाच्या होडीवर काय वाईट होतं? मागून कोणतरी हसलं. पुढच्या वेळी मी बाजार सांगितला. सगळी खूश. मग दर वेळी तोच विचारायला लागली. घरी आल्यावर तुला सांगणार होतो. पण तूच भांडणात काढायचीस, तुम्ही हॅम्बुर्ग बघता. तेव्हा सांगितलं असतं तर तुला खरं वाटलं असतं?"

नसतं वाटलं. पण ते कबूल करण्याइतकी मी शांत नव्हते. मी म्हटलं, "रविवारी संदेशभावजी फॉर्म भरायला येतील तेव्हा हे सगळं त्यांना सांगायचं. नाहीतर ती दोघं हॅम्बुर्गला येतील, तुम्ही नकाशा चोरून बघत त्यांच्यापुढे चालाल आणि मी परत सगळ्यांच्या मागे. मला तसं जायचं नाही. त्यापेक्षा मी जातच नाही."

"आईसमोर नको गो."

"आईसमोरच."

पुढचे दिवस मी ह्यांच्याशी कामापुरतंच बोलले. पासपोर्ट द्या. सही करा. सरका.

रविवारी संदेशभावजी आणि दिशा सकाळीच लांज्याहून आले. दिशाने लोकरी टोप्या आणल्या होत्या, तिघांना एका रंगाच्या आणि ह्यांना वेगळी, म्हणजे गर्दीत आमचा गाइड ओळखू येईल. हे ऐकून मी आत गेले आणि चहाचं आधण उगाच दुसऱ्यांदा ठेवलं. बाहेर आले तर ओटी भरलेली. सासूबाई झोपाळ्यावर, काशीरामकाका खुर्चीत. भावजींनी आपले दोन पासपोर्ट टीपॉयवर ह्यांच्यापुढे ठेवले होते.

"वहिनी, फॉर्म एकदमच भरू चौघांचे," भावजी म्हणाले. "दादा, हॉटेल तू सांग. बाजाराजवळचं घे. चालत जाता आलं पाहिजे."

सासूबाई म्हणाल्या, "त्याला इचारायला कशाला होवा? त्याला डोळं बांधून सोडलान तरी जाईल."

हे माझ्याकडे बघत होते. मी कपबशा खाली ठेवल्या आणि तशीच उभी राहिले. मदत करायची नाही असं मी ठरवलं होतं. ह्यांच्या कपाळावर घाम आला होता, डिसेंबर तोंडावर असताना. मला वाटलं, आता तो शब्द येणार. तो आला असता तर मी माझा पासपोर्ट सगळ्यांसमोर चुलीत घालणार होते, आणि मी बोलले की करते.

"मला हॅम्बुर्ग माहीत नाही," हे म्हणाले.

भावजी हसले. "चल, काहीतरीच."

"खरंच माहीत नाही संदेश. मी शहरात कधी गेलोच नाही. बोट लागते तिथून दिसतपण नाही नीट. दर्शना नि मी पहिल्यांदाच बघणार आहोत. आम्ही चुकणार, शोधणार. म्हणून आम्ही दोघंच जाणार."

दिशाच्या हातात टोपी तशीच राहिली. काशीरामकाकांनी एकदा सासूबाईंकडे बघितलं, एकदा ह्यांच्याकडे. हसायला तोंड उघडलं होतं त्यांनी. मी त्यांच्यावर अशी नजर रोखली की ते त्यांनी मिटलं.

"म्हंजे?" सासूबाई म्हणाल्या. झोपाळा थांबला होता. त्यांना ऐकू गेलं नाही असं वाटून हे तेच पुन्हा मोठ्याने सांगायला लागले, तर त्यांनी हाताने थांबवलं. "ऐकलाय मी. मंग येवढी वर्सं तू तिथं करीत काय होतास?"

"काम," हे म्हणाले.

इतके दिवस पोटात धरून ठेवलेला राग माझ्या तोंडापर्यंत आला होता, आणि तो आता ह्यांच्यावर नव्हता. या ओटीवर होता, त्या खुर्चीवर, त्या फोनवर, मागे दाराला टेकून जळत उभ्या राहणाऱ्या बाईवरही. संदेशभावजींनी टीपॉयवरचे पासपोर्ट उचलून खिशात घातले आणि चहा न घेताच गाडीकडे गेले. दिशा ह्यांची टोपी तेवढी ठेवून त्यांच्यामागे गेली.

सासूबाई बराच वेळ ह्यांच्या हातांकडे बघत बसल्या. हात काळे पडलेत ह्यांचे, नखांच्या कडांतलं तेल आता जातच नाही. मग त्यांनी विचारलं, फोनवर विचारायच्या तसं मोठ्याने नाही, अगदी हळू.

"जेवाण तरी येळेवर मिळायचा का रे तुला?"

"मिळायचं," हे म्हणाले. आणि ते खोटं आहे हे ओटीवरच्या प्रत्येकाला कळलं.