राखीची गोष्ट आणि जपानी पेटी

मित्रांनो, मी शाळेतली गोष्टींची पेटी. महागावजवळच्या एका खेड्यातल्या माध्यमिक शाळेचं सागाचं जुनं दार श्रावण मिस्त्रींनी कापलं, त्याला रंधा मारला आणि माझी चौकट उभी केली. पुढे दोन लहान कवाडं बसवली. बाजूला चित्रं सरकवायला खाच ठेवली. जपानात माझ्यासारख्या पेटीतून गोष्टी सांगतात. सांगणारा मागे उभा राहून वरचं चित्र बाजूला ओढतो, की समोरच्यांना पुढचं चित्र दिसतं.

मला करून घेतलं ममताबाईंनी. शाळा सुटल्यावर त्या आठवी-नववीच्या मुलांना जपानी शिकवत. पाठ केलेले शब्द मुलं झरझर म्हणत, पण स्वतःच्या मनाची दोन वाक्यं बोला म्हटलं, की माना खाली जात. म्हणून बाईंनी जपानी गाणी आणली, कागदाचे पक्षी करायला शिकवले आणि शेवटी मला वर्गात ठेवलं.

राखी नववीत होती. ती तांड्यावर राहायची. घरी बंजाऱ्यांची गोर बोली, शाळेत मराठी, त्यात आता जपानी. ती बहुतेक वेळ गप्पच असे.

"बाई, मले नाही जमत. पोरं हासतात," ती म्हणाली.

"पेटीच्या मागं उभी राह्य. तुयं तोंड कोनालेच दिसत नाही," बाई म्हणाल्या.

ती माझ्यामागे उभी राहिली. तिचे गार हात माझ्या पाठीला टेकले होते. "मुकाशी, मुकाशी," ती हळूच म्हणाली. म्हणजे फार फार वर्षांपूर्वी. गोष्ट तिच्या आजीची, मानीबाईची होती. पूर्वी त्यांचे लोक बैलांच्या पाठीवर मीठ लादून गावोगाव नेत. त्याला ते लदेणी म्हणत. एकदा तांडा रानात वाट चुकला, पाणी संपलं आणि सगळ्यात म्हातारा बैल पुढे झाला. जपानीत बैलाला 'उशी' म्हणतात. म्हातारी उशी चालू लागली म्हटल्यावर सगळा वर्ग हसला.

"झोपाची नाही रे, चालनारी उशी," राखी मागून म्हणाली. मग तीही हसली आणि थांबली नाही. त्या दिवशी म्हातारा बैल पार तळ्यापर्यंत पोचला. माझ्या लाकडाला एवढा मान पुन्हा कधी मिळाला नाही.

पुढे एक जपानी पाहुण्या शाळा पाहायला येणार असं कळलं. राखीने चित्रं नव्याने रंगवली. रोज सराव केला. कार्यक्रमाच्या दिवशी मला मंचावर मांडलं. राखी माझ्यामागे उभी राहिली. स्वागत झालं, सत्कार झाले, भाषणं सुरू झाली. कुणीतरी शाली आणि नारळ माझ्या डोक्यावर ठेवले. एक भाषण संपलं की राखी चित्रं सारखी करी, तोवर दुसरं सुरू होई. शेवटी मुख्याध्यापक ममताबाईंजवळ येऊन वाकले.

"मॅडम, आता टाइम नाही. पाव्हन्या निघून राह्यल्या."

"सर, पाचच मिनिटं. पोरगी सकाळपासून उभी आहे."

"पुढच्या वेळेस पाहू."

पाहुण्यांनी माझ्या बंद कवाडांवरून कौतुकाने हात फिरवला आणि त्या गाडीत बसल्या. मला आतून कवाडं उघडता येत नाहीत, मित्रांनो. राखीने एकेक चित्र काढून पुन्हा माझ्या पोटात ठेवलं. ती रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

पुढची वेळ आलीच नाही. बाईंची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, मुकुटबनकडे झाली. जपानीचा तास बंद पडला. मी सामानाच्या खोलीत गेले. माझ्यावर फाटके नकाशे चढले, एका कवाडाची बिजागरी निखळली.

दहावी झाल्यावर राखी दाखला न्यायला आली. सोबत मानीबाई होती. राखीने कार्यालयातल्या सुनीलभाऊंना विचारलं, "ते पेटी मी घेऊन जाऊ का?"

"नेता नाही येत. शाळेची वस्तू आहे."

"मंग आजीले एक डाव दाखवू द्या. तिचीच गोष्ट आहे."

सुनीलभाऊंनी खोली उघडली. मानीबाई उंबऱ्यातच बसली. राखीने माझ्यावरची धूळ ओढणीने पुसली, तुटकं कवाड एका हाताने धरलं आणि सुरुवात केली. जपानी वाक्य, मग तेच गोर बोलीत. मानीबाईचे ओठ हलत होते. म्हाताऱ्या बैलाने मान वर केली, त्याला पाण्याचा वास आला, आणि एवढ्यात सुनीलभाऊंनी किल्ल्या वाजवल्या.

"चला आता. साहेब बोलावून राह्यले, मले कुलूप लावा लागते."

"थोडंच राह्यलं, बापू. आयकू द्या," मानीबाई म्हणाली.

"मी काय करू, आजी? माह्या हातात आहे का?"

राखीने कवाड लावलं. तळ्याचं चित्र आतच राहिलं. अजूनही ते माझ्यातच आहे, आणि मला ते कुणाला दाखवता येत नाही.

मित्रांनो, मला पॉलिश नको, नवी बिजागरीही नको. तुमच्या शाळेत कुणी अडखळत, परक्या भाषेत का होईना, स्वतःच्या घरचं काही सांगू लागलं, तर एवढंच करा. त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत उठू नका.